नाव तुमचं, पण घेणार दुसरेच

प्रश्न: ताई, नमस्कार. मी आणि माझी मैत्रीण कापडी बॅगा शिवतो. वर्षभर ओळखीपाळखीत विकल्या, लोकांना आवडल्या, आता नीट ब्रँड म्हणून सुरू करायचंय. पण दीड महिना नावावरच अडकलोय. ६० नावं काढली होती, त्यातली चार उरलीत. ‘बेस्ट बॅग्ज’ घरच्यांना आवडतं, कारण ऐकलं की लगेच कळतं काय आहे ते. ‘श्रुमी’ आमच्या दोघींच्या नावातली अक्षरं जोडून केलंय. ‘झेवोरा’ला काहीच अर्थ नाही पण भारी वाटतं. आणि ‘ओंजळ’, ज्यात माझ्या मैत्रिणीचा जीव अडकलाय. फॅमिली ग्रुपवर व्होटिंग घेतलं तर चारही नावांना जवळपास सारखीच मतं पडली. लेबलं छापायला टाकायचीत. कुठलं घेऊ? – नावाच्या शोधात

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी ते व्होटिंग डोक्यातून काढून टाक. राग मानू नकोस, पण ग्रुपवर चार नावं टाकून ‘कुठलं छान?’ विचारलं की माणसं स्क्रीनवर नाव वाचतात, त्यांना काय गोड वाटलं ते सांगतात आणि पुढच्या मेसेजकडे जातात. पण तुमच्या नावाचं आयुष्य असं शांतपणे वाचलं जाण्यात जाणारच नाहीये. एक बाई दुसरीला घाईघाईत विचारणार, बॅग छान आहे गं, कुठून घेतलीस, आणि ती चालता चालता नाव सांगणार, आजूबाजूला आवाज असणार, आणि मग ऐकणारी रात्री घरी जाऊन ते आठवून फोनमध्ये टाइप करणार. तोंडातून कानात, कानातून डोक्यात, डोक्यातून बोटात. एवढ्या प्रवासात जे नाव शाबूत राहतं ते चांगलं नाव, मी तरी नावाकडे याच नजरेने बघते, कारण मी स्वतः यात पोळलेय.

मी बऱ्याच वर्षांपूर्वी हाताने बांधलेल्या वह्या करायचे आणि नाव ठेवलं होतं ‘ऋणानुबंध’. काय सुंदर शब्द आहे, अजूनही माझा लाडका आहे. पण तो ‘ऋ’! कोणी रोमनमध्ये आर यू करायचं, कोणी आर आय, कोणी मधला एक ‘एन’ खायचं, आणि माझा ईमेल पत्ता तर त्याच नावाचा. फोनवर पत्ता सांगताना मी अक्षर अक्षर सुटं करून सांगायचे, आर फॉर अमुक, यू फॉर तमुक, आणि तरीही एक मोठी ऑर्डर चुकीच्या स्पेलिंगच्या पत्त्यावर गेली, मला ते तीन आठवड्यांनी कळलं, तोवर त्यांनी दुसरीकडून वह्या घेतल्या होत्या. आणि अजून एक गोष्ट झाली जी माझ्या डोक्यातच आली नव्हती. नाव लांब होतं म्हणून लोकांनी ते आपसूक छोटं केलं, आणि ‘ऋणानुबंध’चं छोटं रूप काय तर ‘ऋण’. ‘ऋणवाल्या ताई’ म्हणायचे मला. कर्ज! शेवटी चार वर्षांनी नाव बदललं, तेव्हा लेबलं, शिक्के, पाकिटं सगळं परत करावं लागलं आणि जुनी गिऱ्हाईकं शोधत राहिली ती वेगळीच. म्हणून सांगते, नाव ठरवताना हेही बघा की लोक त्याचं छोटं रूप काय करतील, कारण ते करणारच, त्यावर तुमचा ताबा नसतो.

हे फक्त आपल्यासारख्या छोट्यांचं होतं असं नाही बरं का. जेफ बेझोसने १९९४ मध्ये कंपनी काढली तेव्हा तिचं नाव ‘कॅडाब्रा’ होतं, जादूच्या ‘अ‍ॅब्राकॅडाब्रा’मधलं. त्याच्या वकिलाने ते फोनवर ऐकलं आणि त्याला ऐकू आलं ‘कॅडॅव्हर’, म्हणजे प्रेत. नाव बदललं आणि अ‍ॅमेझॉन झालं. एका फोन कॉलमध्ये जे कळलं ते ग्रुपवरच्या शंभर मतांतून कळलं नसतं, कारण ग्रुपवर कोणाच्या कानावर ते पडतच नाही.

आता तुमच्या चार नावांकडे येते.

‘बेस्ट बॅग्ज’ सोडून द्या. घरच्यांचा मुद्दा मला कळतो, दुकानाच्या पाटीवर काय मिळतं ते लिहिलेलं असलं की बरं वाटतं. पण ते नाव नाहीये, ते वर्णन आहे. बॅगला बॅग आणि चांगल्याला बेस्ट म्हणायचा हक्क जगात सगळ्यांना आहे, तो एकटीच्या मालकीचा होऊ शकत नाही, म्हणून असं नाव ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करायला गेलात तर जवळपास कुठेही अडकाल. कायद्याच्या नजरेत नावांची एक उतरंड आहे, ती समजून घे कारण पुढे कामाला येईल. सगळ्यात खाली वस्तूचंच नाव, म्हणजे बॅगला ‘बॅग’. त्याच्या वर वर्णन करणारं. त्याच्या वर सुचवणारं, जे थेट सांगत नाही पण इशारा करतं. त्याच्या वर रोजचाच शब्द पण त्या वस्तूशी काही संबंध नसलेला, जसं कॉम्प्युटरला ‘अ‍ॅपल’. आणि सगळ्यात वर बनवलेला शब्द, जो आधी कुठल्या भाषेत नव्हताच. जितकं वर जाल तितकं नाव राखायला सोपं, पण तितकंच लोकांना समजवायला कष्ट जास्त. घरच्यांना ‘लगेच कळतं’ हे जे आवडतंय ना, तीच त्या नावाची कमजोरी आहे. शिवाय कोणी सर्चमध्ये ‘बेस्ट बॅग्ज’ टाकलं तर तुम्ही सोडून सगळं जग समोर येईल. काय विकता ते सांगायचंच असेल तर नावाखाली छोट्या अक्षरात ‘हाताने शिवलेल्या कापडी बॅगा’ लिहा, ते काम त्या ओळीचं, नावावर तो भार कशाला.

‘श्रुमी’बद्दल मला जरा काळजी वाटते. दोघींच्या नावातली अक्षरं जोडायची ही कल्पना मुळातच वाईट नाही. आयकिया असंच आहे, इंग्वार काम्प्राडने १९४३ मध्ये स्वतःच्या नावाची दोन आद्याक्षरं घेतली, आपल्या शेताचं एक, गावाचं एक. आदिदासही आदी दासलरच्या नावातून आलं. पण आदीचा भाऊ रुडॉल्फ, त्याने वेगळी कंपनी काढली तेव्हा त्यानेही तोच कित्ता गिरवला, रुडॉल्फ दासलरचं ‘रुडा’ केलं, आणि मग ते काही जमेना म्हणून ‘पुमा’ केलं. म्हणजे जोडलेली अक्षरं कधी कधी नशिबाने नाव होतात आणि कधी कधी नुसती अक्षरंच राहतात. इंटेलवाल्यांचं तर फार छान उदाहरण आहे. १९६८ मध्ये गॉर्डन मूर आणि रॉबर्ट नॉइस, दोघांची आडनावं जोडली की होतं ‘मूर नॉइस’, आणि इंग्रजीत ऐकायला येतं ‘मोअर नॉइज’, आवाज वाढलाय! इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीला, जिथे ‘नॉइज’ म्हणजे सिग्नलमधला नकोसा अडथळा, यापेक्षा वाईट नाव कुठलं. त्यांनी ते सोडलं आणि ‘इंटिग्रेटेड’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या शब्दांतून इंटेल केलं. आता ‘श्रुमी’ मोठ्याने म्हणून बघ. ‘श्र’ सगळ्यांच्या तोंडात नीट बसत नाही, कोणी ‘शुर्मी’ म्हणेल, कोणी ‘सुमी’, आणि रोमनमध्ये लिहिलं की इंग्रजी वाचणाऱ्याला ‘श्रूम’ दिसतं, जे तिकडे बोलीत नशेच्या मशरूमला म्हणतात. अजून एक बोलते, मनाला लावून घेऊ नका. आज तुम्ही दोघी आहात, उद्या तिसरी येईल किंवा एखादी दुसऱ्या कामाला जाईल, देव न करो भांडणही होईल. नावात माणसं कोंबली की माणूस गेल्यावर नाव दुखतं. दोघींच्या मैत्रीची आठवण ठेवायची असेल तर बॅगेच्या आतल्या शिवणीत एखादी खूण ठेवा, ती फक्त तुम्हाला ठाऊक असू दे.

‘झेवोरा’. अर्थ नाही हा दोष नाहीच, उलट उतरंडीत ते सगळ्यात वर बसतं. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये ‘कोडॅक’ हा शब्द असाच निव्वळ बनवला होता. पण त्याने तो कसा बनवला बघ. त्याला ‘के’ हे अक्षर आवडायचं, त्याला ते ठसठशीत वाटायचं, म्हणून शब्द ‘के’ने सुरू होतो आणि ‘के’नेच संपतो. छोटा, चुकीचं म्हणता येणार नाही असा, आणि म्हणताना कॅमेऱ्याचं बटण दाबल्यासारखा कट्ट वाजतो. म्हणजे अर्थ नव्हता पण कारण होतं. तुमच्या ‘झेवोरा’ला कारण काय, तर भारी वाटतं. आणि खरं सांगू, भारी वाटतं कारण अशी झ, व्ह, रा असलेली नावं आपण हजारदा ऐकलीयत, कपड्यांची, साबणाची, औषधाची, आणि म्हणूनच ते ऐकल्यावर दोन मिनिटांनी ‘झेनोरा’ होतं नाहीतर ‘झिवारा’. बनवलेलं नाव घ्यायचंच असेल तर बनवा, पण कष्टाने बनवा.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर यावर थोडं थांबते, कारण लोक अर्थावर महिनाभर वाद घालतात आणि आवाजाकडे कोणी बघतच नाही. वोल्फगांग कोहलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये एक प्रयोग लिहून ठेवलाय, दोन आकृत्या, एक गोलगोल आणि एक टोकदार, आणि दोन बिनअर्थाचे शब्द, कुठला शब्द कुठल्या आकृतीचा सांगा. पुढे २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी तोच प्रकार ‘बूबा’ आणि ‘किकी’ हे शब्द घेऊन केला. बहुतेक सगळे गोल आकृतीला बूबा म्हणतात आणि टोकदारला किकी. तू आत्ता वाचताना मनात तेच केलं असशील. म्हणजे शब्दाला अर्थ नसला तरी आवाजाला स्पर्श असतो. ब, म, ल, ओ, ऊ हे मऊ आणि गोल, क, ट, इ हे टोकदार, चटपटीत. तुमची वस्तू कापडाची, हाताने शिवलेली, खांद्यावर मऊ बसणारी. ‘झेवोरा’तला झ घासत जातो. ‘ओंजळ’ म्हणताना मात्र ओठ आधी गोल होतात, मग मध्ये तो अनुस्वार घुमतो आणि शेवटी जीभ ‘ळ’वर वळून थांबते. तोंडातच ओंजळ झाल्यासारखी वाटते.

तर हो, माझा कल तुझ्या मैत्रिणीकडे आहे, आणि तो फक्त आवाजामुळे नाही. ओंजळ हा सगळ्यांच्या ओळखीचा शब्द आहे पण बॅगेचं वर्णन नाही. दोन हात जोडून त्यात काहीतरी सांभाळून धरणं, आणि बॅग दुसरं काय करते. बघ, कोणाला समजवावं लागत नाही पण थोडासा विचार करावा लागतो, आणि तो विचार करताना माणूस हसतो. उतरंडीत मधलं, सुचवणारं नाव. छोट्या धंद्याला हीच जागा सगळ्यात सोयीची, कारण बनवलेल्या शब्दात अर्थ भरायला जाहिरातींचे पैसे लागतात ते आपल्याकडे नसतात, आणि वर्णनाचं नाव आपलं होत नाही. छोटं रूप करायचा प्रश्न नाही, आधीच तीन अक्षरी तोंडभर आहे.

पण अडचण आहे, आणि ती मोठी आहे. ‘ळ’. रोमनमध्ये ‘ळ’ नाही. ओ एन जे ए एल लिहिलंत की ज्याला मराठी येत नाही तो ‘ऑनजल’ वाचणार, इंग्रजी सवयीचा तर ‘ऑन’ आणि ‘जल’ असे दोन तुकडे करणार. म्हणून दोघींनी आधी हे ठरवा की तुमचं गिऱ्हाईक कोण. बहुतेक मराठी वाचणारं असेल तर लेबलवर मोठ्या देवनागरीत ओंजळ लिहा आणि रोमन स्पेलिंग फक्त पत्त्यापुरतं ठेवा, मग बाहेरच्याने ‘ओंजल’ म्हटलं तरी चालवून घ्या, त्यात नावाचं काही बिघडत नाही, खुणेची वस्तू तीच राहते. पण उद्या परदेशात, परभाषेत विकायचं मनात असेल तर आत्ताच विचार करा. सोनीवाल्यांनी हे केलं होतं. कंपनीचं मूळ नाव ‘टोकियो त्सुशिन कोग्यो’, बाहेरच्या लोकांना ते म्हणताच येईना. लॅटिनमध्ये आवाजाला ‘सोनस’, इंग्रजीत पोराला लाडाने ‘सनी’ म्हणतात, त्यावरून ते नावाकडे आले, पण ‘सनी’चं इंग्रजी स्पेलिंग जपानीत ‘सोन-नी’ असं वाचलं जाणार आणि ‘सोन’ म्हणजे तिकडे तोटा, नुकसान. दोन ‘एन’ होते त्यातला एक काढला, प्रश्न सुटला. १९५८ मध्ये कंपनीचंच नाव सोनी केलं. एक अक्षर! म्हणून म्हणते, स्पेलिंग हा शेवटी उरकायचा भाग नाही, ते नावाचंच अंग आहे. दुसऱ्या भाषेत काय अर्थ होतो तेही त्या भाषेच्या माणसाला विचारून घ्या. मित्सुबिशीची ‘पजेरो’ स्पॅनिश बोलणाऱ्या बऱ्याच देशांत ‘मोंतेरो’ नावाने विकली गेली कारण तिकडे मूळ शब्द शिवी आहे. (याच विषयावर शेव्हर्ले ‘नोव्हा’ गाडी मेक्सिकोत नावामुळे पडली, कारण स्पॅनिशमध्ये ‘नो व्हा’ म्हणजे ‘चालत नाही’, अशी गोष्ट तुला कोणीतरी नक्की ऐकवेल, ती खरी नाही, गाडी तिकडे ठीकठाक विकली गेली होती.)

आता जरा कोरडा पण टाळता न येणारा भाग. छान मराठी शब्द तुमच्या आधी दुसऱ्यालाही छान वाटलेला असू शकतो, आणि ‘ओंजळ’च्या बाबतीत मी ही भीती धरूनच चालीन. लेबलं छापायच्या आधी शोधा. नुसतं गुगल नाही आणि नुसतं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मोकळं आहे का तेही नाही, डोमेन मिळालं म्हणजे नाव तुमचं झालं असं अजिबात नसतं. आपल्या देशाच्या ट्रेडमार्क नोंदणीत शोधा, आणि डब्ल्यूआयपीओ म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस आहे, तो ऑनलाइन फुकट बघता येतो. शोधताना वर्ग बघायचा. वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे, बॅगा १८ मध्ये येतात, कपडे २५ मध्ये. एकच नाव दोन वेगळ्या वर्गांत दोन वेगळ्या लोकांकडे असू शकतं, पण म्हणून निर्धास्त राहू नका. बीटल्स या गाण्याच्या बँडची कंपनी होती अ‍ॅपल कॉर्प्स, आणि कॉम्प्युटरवाली अ‍ॅपल. १९७८ मध्ये वाद सुरू झाला, १९८१ मध्ये मिटला तो या बोलीवर की कॉम्प्युटरवाल्यांनी संगीताच्या धंद्यात यायचं नाही. मग कॉम्प्युटरमधूनच संगीत वाजायला लागलं. १९९१ मध्ये परत तडजोड, आणि कायमचं मिटलं ते २००७ मध्ये. म्हणून आज बॅगा करताय आणि उद्या कपडे करायचे मनात आहे, तर कपड्यांचा वर्गही आत्ताच बघून ठेवा.

आणि शोधताना डोळ्यांनी नाही, कानांनी शोधा. ‘ओंजळ’, ‘ओंजल’, ‘अंजली’, ‘अंजल’ सगळं टाकून बघा, कारण नोंदणीवाले आणि कोर्ट दोघंही नाव ऐकायला कसं लागतं ते बघतात, एका अक्षराचा फरक करून किंवा एकाऐवजी दोन ‘ए’ टाकून सुटका होत नाही. बॅगांमध्ये कोणाचं आधीच ‘ओंजळ’ निघालं तर ‘माय ओंजळ’, ‘ओंजळ ऑफिशियल’ असले टेकू लावू नका. शब्द सोडा आणि त्याच कल्पनेच्या आसपास दुसरा शोधा, धरणं, सांभाळणं, जवळ घेणं, मराठीत यासाठी शब्दांची कमी नाही. वाईट वाटेल दोन दिवस. पण हजार लेबलं छापल्यावर नोटीस येण्यापेक्षा हे परवडलं. रजिस्टर करताना ट्रेडमार्कच्या वकिलाचा एकदा सल्ला घ्या, तिथे काटकसर नको.

तू पत्रात लिहिलं नाहीस पण तुझं स्वतःचं मत ‘झेवोरा’कडे आहे असं मला वाचताना वाटलं. असेल तर तेही मोकळेपणाने मैत्रिणीला सांग, मनात ठेवून ‘ओंजळ’ला होकार देऊ नकोस. आणि एक धीर देते, नाव पहिल्या दिवशी आवडलंच पाहिजे असं नसतं. फिल नाइटला ‘नायकी’ हे नाव सुरुवातीला फारसं पटलं नव्हतं, १९७१ मध्ये बुटांचे खोके छापायला द्यायचे होते, वेळ संपत आला होता, म्हणून ते घेतलं. आवड मागून येते, चांगल्या बॅगा विकल्या गेल्या की नावाला आपोआप चेहरा येतो. उच्चारायला अवघड असलेलं नाव मात्र कितीही आवडलं तरी सोपं होत नाही.

आता लेबलवाल्याला सांगा दहा दिवस थांब म्हणून. या दहा दिवसांत अशी दहा-बारा माणसं शोधा ज्यांनी ही नावं कधी ऐकलेली नाहीत, ग्रुपवरची नकोत. त्यांना फोन करा, व्हिडिओ नाही, साधा फोन, आणि एकदाच म्हणा, ‘आमच्या ब्रँडचं नाव ओंजळ, जरा रोमनमध्ये लिहून मेसेज करता का?’ स्पेलिंग सांगायचं नाही, परत म्हणायचं नाही. तसंच ‘झेवोरा’ आणि ‘श्रुमी’चं वेगळ्या माणसांवर करा. आलेले मेसेज जसेच्या तसे एका कागदावर उतरवा. मग दोन दिवस जाऊ द्या आणि त्याच माणसांना विचारा, परवा मी एक नाव सांगितलं होतं, आठवतंय का? तो कागद दोघींनी समोरासमोर बसून वाचा. ‘ओंजळ’ची सगळ्यात जास्त वेळा जी स्पेलिंग आली असेल तीच घ्या, तुम्हाला दुसरी कितीही बरोबर वाटली तरी, आणि जमलं तर बाकीच्या दोन-तीन स्पेलिंगची डोमेनंही घेऊन ठेवा म्हणजे चुकलेला माणूससुद्धा तुमच्याच दारात येईल. माझ्या वह्यांची ती ऑर्डर अशीच एका ‘आय’मुळे गेली होती.

कागदावर काय आलं ते मला कळव. ‘ळ’चं लोकांनी काय केलं हे वाचायची मला फार उत्सुकता आहे.

– तुझी ताई